माझ्या साडूचा वाव

माझ्या साडूइतका काळजी करणारा माणूस अख्ख्या मालवण किनाऱ्यावर झाला नाही आणि होणारही नाही, हे मी शाळेची पायरी फारशी चढलो नसलो तरी लिहून देतो. आमच्या मच्छीमार सोसायटीचं भांडार त्याच्या ताब्यात होतं. दोर, बुचं, शिसं, इंजिनाचे सुटे भाग, वीस होड्यांना जे जे लागतं ते तो कोल्हापूरच्या व्यापाऱ्याकडून मागवायचा. मागवण्याची त्याची रीत अशी की आज एक कार्ड टाकायचं, उद्या पहिलं पोचलं का हे विचारणारं दुसरं, आणि परवा तिसरं, की दुसरं आधी पोचलं तर घाबरू नका, पहिलं मागून येतंय. कार्ड टाकल्यावर पोस्टमन पेटी उघडेपर्यंत तिथंच उभा. टेलिफोन वाजला की उचलण्याआधी खांद्यावरचा पंचा सारखा करायचा, कारण त्याच्या मते टेलिफोन कुणी मेल्याशिवाय वाजत नाही. पावसात घाट बंद पडेल म्हणून चैत्रातच आभाळाकडे बघत बसायचा. मी म्हटलं, "साडवा, अजून आंबे उतरूक नाय." तर म्हणाला, "तू आंबे बघ. माका ट्रक बघूक होयो."

दोर मात्र तो वावाने मागवायचा. दोन्ही हात पसरले की एक वाव, आणि आमच्या गावात वाव म्हणजे माझ्या साडूचेच हात. तो ताडासारखा उंच, त्यामुळे गिऱ्हाइकं खूश. तरुणपणी कोल्हापूरला जाऊन त्याने व्यापाऱ्याच्या भिंतीपाशी हात पसरून दोन्ही हातांच्या बोटांच्या टोकांशी दोन खिळे ठोकून घेतले होते. पुढे कित्येक वर्षं व्यापारी त्या खिळ्यांच्या मापाने दोर पाठवायचा आणि आपल्या बिलात मीटर लिहायचा.

मग व्यापाऱ्याने दुकान हलवलं, खिळे गेले आणि कॉम्प्युटर आला. त्या काळी आम्ही तो पाहिलेला नव्हता. एक छापील फॉर्म आला, दोन्ही कडांना ओळीने भोकं. साडूला वाटलं वाळवी लागली, म्हणून त्याने तो दिवसभर उन्हात ठेवला. फॉर्मात प्रत्येक वस्तूला नंबर, आणि दोरापुढे लिहिलेलं: मीटर. साडूचं जेवण सुटलं. होडीला किती वाव लागतात ते त्याला तोंडपाठ, पण वावाचे मीटर किती? शेवटी तो शिंप्याकडे गेला, मीही सोबत गेलो. शिंप्याने टेप लावली आणि म्हणाला, "हात सरळ करा."

"सरळच आसत रे. तू टेप सरळ धर."

शिंप्याने टेप ओढून धरली. दीड मीटर भरलं. साडूने तेवढ्यावर हिशेब करून फॉर्म भरला आणि नेहमीप्रमाणे पाठोपाठ दोन कार्डं टाकली.

नारळी पुनवेला तीन आठवडे उरले असताना टेलिफोन वाजला. पंचा सारखा झाला. पलीकडून व्यापाऱ्याच्या कॉम्प्युटरवर बसणारी बाई खणखणीत आवाजात बोलत होती, मलाही ऐकू येत होतं. "काका, मशीन म्हणतंय मागल्या सालापेक्षा दोर बराच कमी मागवलाय. बोटी कमी झाल्या का?"

"होड्यो तितक्योच आसत," साडू म्हणाला. "एकय बुडूक नाय."

"मग आकडा चुकलाय. मागल्या सालाएवढा पाठवू? गोदामात आहे, उद्याच निघेल."

"धाडा," असं म्हणून त्याने टेलिफोन ठेवला आणि माझ्याकडे वळला. "मशीनाक काय ठावक? माझे हात काय बदलतत?"

मी त्याला भांडाराच्या दारापाशी उभा केला. "हात वर कर."

"केलंय."

"दुसरो."

"तोय केलंय."

डावा हात खांद्याच्या खालीच अडकला होता. आदल्या पावसात तो जेटीवर घसरून पडला होता, तेव्हापासून तो हात पुरता पसरत नव्हता. त्याने मान वळवून त्या हाताकडे पाहिलं, दुसऱ्याच कुणाचा असावा तसं. "दुखता?" मी विचारलं. "दुखणा नाय," तो म्हणाला. "थंयसर थांबता."

मला मशीन आवडत नाही, पण खरं ते खरं. त्या बाईचा टेलिफोन आला नसता तर तीन होड्या ऐन हंगामात किनाऱ्यावर बसल्या असत्या. त्यातली एक माझी असती, कारण लोक बोलू नयेत म्हणून साडू नातेवाइकांना शेवटी माल देतो. कुठला माल आहे, कधी निघेल, हे पूर्वी चार कार्डांत कळत नव्हतं, ते एका बोलण्यात कळलं. ट्रक पुनवेच्या आधी आला. तरी साडू त्या दिवशी दोनदा घाटाच्या रस्त्याकडे बघून आला होता.

नंतर भांडारात लाकडी मीटरपट्टी आली. मी दोर आणायला गेलो तेव्हा साडू ती उचलायला लागला. मी म्हटलं, "माका वावान दी. मी मीटर घेवक येवक नाय."

त्याने पट्टी खाली ठेवली. तो मोजत होता तोवर मी समुद्राकडे बघत राहिलो.

"बारा झाले," तो म्हणाला.

"चौदा दी."

"तुझ्या होडयेक बाराच लागतत. चौदा कित्याक?"

"यंदा होडी वाडली."

तो हसला नाही. त्याने आणखी दोन वाव मोजले, सावकाश, डावा हात जिथं थांबतो तिथपर्यंत.