पाचवं उसनं गाणं

आमची वहिनी दिवसभर इस्त्रीच्या दुकानात शर्टांच्या कॉलरी सरळ करते आणि सोबत गात असते. मी तिची नणंद, म्हणजे नावं ठेवायचा हक्कच माझा; पण तिच्या गळ्याला नावं ठेवायला जीभ रेटत नाही.

तिचा पहिला अल्बम निघणार होता. सात गाणी तिची स्वतःची, पाच उसनी. उसनं घेतलं की कुणाकडून ते सांगायचं, हा तिचा हट्ट. चार गाण्यांचे धनी तिने वणवण करून शोधले. पाचवं मात्र बेवारशी, आणि तेच सगळ्यांत गोड. ते ती माझ्या आईकडून शिकली, दुकानातच, इस्त्रीच्या वाफेत. आईला विचारलं की ठरलेलं उत्तर: "जुनं आहे गं, कुणाचं तरी."

शेवटच्या दिवशी रेकॉर्डिंगवाला वैतागला. "'पारंपरिक' लिहा आणि मोकळ्या व्हा. पाच वाजता कव्हर छापायला जातंय."

"नाव नसेल तर गाणं वगळा," वहिनी म्हणाली. मला रडूच कोसळायचं बाकी होतं.

निदान एकदा गाऊन तर बघ, म्हणून मी तिला माइकसमोर ढकललं. भिंतींना जुन्या गाद्या लावलेली खोली, आवाज नको म्हणून पंखा बंद. आई कोपऱ्यात स्टुलावर पिशवी धरून बसलेली. वहिनीने सूर लावला आणि माझ्या अंगावर काटा आला.

"दार लोटून बाई मी वाट पाहिली..."

"चुकलं," आई म्हणाली.

रेकॉर्डिंगवाल्याने कपाळाला हात लावला.

"पाहिली नाही, धरिली. वाट धरिली. वाट बघत बसायला मी काय रिकामी होते?"

वहिनीचे डोळे एवढाले झाले. "मी म्हणजे कोण, आई?"

आई पिशवीचा बंद पिळत राहिली. "तुझ्या सासऱ्यांवर चिडून निघाले होते एकदा. चालता चालता जुळलं. मग आले परत. निघालेल्या बाईचं गाणं आपलं म्हणून कुठल्या तोंडाने सांगणार?"

आणि तीस वर्षं आम्ही सगळे चुकीचं गाऊन तिला वाट बघायला लावत होतो. मला हसावं की रडावं कळेना.

"नाव काय लिहू, आजी?" रेकॉर्डिंगवाल्याने पेन काढलं.

"राहू दे."

"मग गाणंही राहू दे," वहिनी म्हणाली.

पाचला दहा कमी होते. आई ताठ बसली. तिने नाव सांगितलं, नुसतं स्वतःचं, पुढेमागे कुणाचं न लावता. मग म्हणाली, "चालही माझीच आहे. तेही लिहा."