आवाजाचा रकाना

माझी बहीण शनिवारी सकाळी गेली. तिचा चहा ओट्यावर होता. मी कप विसळून ठेवला आणि मग भाचीला फोन लावला.

बहीण माझ्याहून दोन वर्षांनी धाकटी. बोळिंजच्या फ्लॅटमध्ये ती आणि तिची मुलगी राहत, आणि आजारपण सुरू झाल्यापासून मीही. तिच्या नवऱ्याला जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेले, मागे कुणी नाही, त्यामुळे पिशवी उचलून येणं मला अवघड नव्हतं.

तेराव्यानंतरच्या रविवारी एक बाई येणार होत्या. ही वेळ त्यांना बहिणीनंच महिनाभर आधी देऊन ठेवली होती. बालकलाकारांना मिळालेल्या चित्रपट पुरस्कारांचा इतिहास त्या लिहीत होत्या आणि त्यांच्या यादीत माझ्या बहिणीचं नाव होतं. दहा वर्षांची असताना तिला असा एक पुरस्कार मिळाला होता. तो देणारी संस्था केव्हाच बंद पडली. ट्रॉफी आहे, स्वयंपाकघरातल्या वरच्या कपाटात, इडलीपात्राच्या मागे.

बाईंना वेळ देऊन फोन ठेवल्यावर बहीण मला म्हणाली होती, "येऊ दे तिला. पण बोलशील तू. माझ्या वतीनं बोलायची तुला सवयच आहे."

मी हसले. ती हसली नाही.

"ताई, तिनं विचारलं तर या वेळी खरं सांग. पोरीला मी सांगते, जरा बरं वाटलं की."

तिनं मुलीला सांगितलं की नाही, हे मला माहीत नव्हतं. ते विचारायला मी त्या रविवारपर्यंत धजले नाही.

काय सांगायचं होतं, ते लिहिते.

आम्ही तेव्हा चांदीपला राहत होतो. भातकापणीच्या दिवसांत सिनेमाची माणसं शूटिंगला आली. त्यांनी मुंबईहून आणलेली मुलगी तापानं आडवी झाली, म्हणून दिग्दर्शकांनी बांधावर बसलेल्या माझ्या बहिणीला उभं केलं. ती कॅमेऱ्याकडे बघायचीच नाही, हे त्यांना फार आवडलं. अडचण बोलण्याची होती. सिनेमातली मुलगी शिकल्यासवरल्या घरातली, आणि बहीण आमच्या घरच्या बोलीत बोलायची. मी अकरा वर्षांची, वक्तृत्वात बक्षिसं आणणारी. मास्तरांनी माझी बोली पार घासून टाकली होती. आवाज मात्र दोघींचा एकच. अंगणातून हाक आली तर आईलाही कळायचं नाही, थोरली की धाकटी.

मग मुंबईच्या एका काळोख्या खोलीत पडद्यावर बहिणीचे ओठ हलायचे आणि मी बोलायचे. चार दिवसांत सगळा सिनेमा बोलून झाला. फक्त एका जागी मी अडले. शेळी आजोबांचं उपरणं खाते आणि मुलगी हसते, असा प्रसंग होता. मला तसं हसता येईना. ध्वनिमुद्रण करणारे काका वैतागून म्हणाले, "अगं, तू हसतेस का घसा खाकरतेस?" शेवटी त्यांनी शेतावर नोंदलेलं बहिणीचंच हसू तिथे ठेवून दिलं. त्यात मागे कावळा ओरडत होता, तोही तसाच राहिला.

पुढच्या वर्षी निर्मात्याचा माणूस पुरस्काराचा अर्ज घेऊन घरी आला. बाबा खळ्यावर होते. तो एकेक रकाना वाचून भरत गेला. नाव, वय, इयत्ता. मग त्याचं पेन थांबलं.

"काका, कलाकाराचा आवाज स्वतःचा आहे काय, असं विचारलंय. काय लिहू?"

"आवाज कोनाचा म्हंजे? घरचाच ना?"

"घरचाच, पण..."

"मंग लिव्ह की तसं. त्यात 'पन' कशाला?"

बाबा खोटं बोलत नव्हते. आमच्याकडे भात कुणी लावला आणि कुणी कापला, हे कधी कुणी विचारलं नाही. खळ्यावर आलं की ते घरचं. चुलत्यांनी पकडलेले मासे आमच्या ताटात यायचे, आईनं शिवलेली गोधडी त्यांच्या पोरांच्या अंगावर असायची. एका पोरीचा चेहरा, दुसऱ्या पोरीचा आवाज. बाबांच्या हिशेबानं दोन्ही एकाच खळ्यावरचं. त्या माणसानं 'होय' लिहिलं आणि बाबांनी खाली सही केली. मी दारात उभी होते. ते उत्तर चुकीचं आहे हे मला कळत होतं, आणि मी काही बोलले नाही.

समारंभाला आम्ही तिसऱ्या रांगेत बसलो होतो. बहिणीनं ट्रॉफी छातीशी धरली. निवेदक खाली वाकला आणि त्यानं माईक तिच्या तोंडासमोर नेला. "बाळ, सिनेमातलं एखादं वाक्य म्हणून दाखव सगळ्यांना."

तिनं माझ्याकडे पाहिलं. इतक्या माणसांत तिनं मला बरोबर शोधलं. वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. बाबांचा हात माझ्या गुडघ्यावर आला आणि तिथेच घट्ट राहिला. अर्ज भरताना जे त्यांना कळलं नव्हतं, ते आता कळलं होतं. बहिणीनं ओठ मिटून घेतले. निवेदकानं पुन्हा विचारलं. पुन्हा काही नाही. किती वेळ गेला सांगता येत नाही. मला तो अजून संपल्यासारखा वाटत नाही.

"लाजली!" निवेदक म्हणाला. लोक हसले, टाळ्या पडल्या.

परतीच्या वाटेवर बाबा तिला म्हणाले, "बरी गप ऱ्हायलीस, बाय." तिनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

शाळेत पोरं तिच्या मागे लागायची. "ए अवार्डवाली, डायलॉग मार ना एक!" तिनं कधी मारला नाही. पुढे सिनेमात कामही केलं नाही. मोठेपणी सोसायटीच्या हळदीकुंकवात उखाण्यासाठी माईक फिरू लागला की ती पाणी आणायला उठायची. व्हॉट्सअॅपवर सगळ्या बायका आवाज पाठवत, ही दोन-दोन ओळी टाइप करत बसे.

आणि मी? दर दिवाळीला ट्रॉफी पुसायचं काम माझ्याकडे असे. ती मी गरजेपेक्षा जोरात पुसायचे. त्यावर फक्त तिचं नाव होतं.

रविवारी त्या बाई आल्या. तिशीच्या, सावकाश बोलणाऱ्या. बातमी त्यांना फोनवर कळली होती, त्या परत जायला तयार होत्या, पण भाचीच म्हणाली, "नाही, या. आईनं दिलेली वेळ आहे." भाची एकोणीस वर्षांची. तिनं चहा केला आणि ती माझ्याशेजारी येऊन बसली.

बाईंनी आधी त्यांच्या कामाबद्दल सांगितलं. सुरुवातीला मुलांसाठी वेगळा पुरस्कार असा नसेच. मोठ्यांच्या यादीच्या शेपटाला एखादं पदक किंवा नुसता उल्लेख. वेगळा पुरस्कार आला तसे वाद आले. अभिनय मुलाचा की दिग्दर्शकाचा? एकाच सिनेमातली चार पोरं सारखीच चांगली असतील तर द्यायचा कुणाला? आणि काही ठिकाणी आवाजाचा नियम. दुसऱ्यानं आवाज दिला असेल तर अर्धाच अभिनय, असं परीक्षकांचं म्हणणं.

हे ऐकताना मी बशीतला चहाचा थेंब बोटानं पुसत होते.

मग त्यांनी लॅपटॉप उघडला. सिनेमाची प्रत त्यांना कुठूनतरी मिळाली होती. आम्ही कुणी तो इतक्या वर्षांत पाहिला नव्हता. पडद्यावर माझी बहीण आली, दोन वेण्या, हातात कंदील, आणि ती माझ्या आवाजात आजीशी भांडू लागली.

भाचीनं तोंडावर हात ठेवला. "मावशी, आई अशी बोलायची?"

तेव्हा मला कळलं, तिला सांगितलेलं नाही.

"परत लावा ना," ती बाईंना म्हणाली आणि तिनं फोनवर ते रेकॉर्ड करून घेतलं. मग फोन कानाशी धरून पुन्हा ऐकलं. "किती गोड आहे! आईनं मला कधी अंगाईसुद्धा म्हटली नव्हती. आणि बघ, केवढं बोलतेय."

बाईंनी वही पुढे ओढली. "आता थोडे प्रश्न आहेत, सगळ्यांनाच विचारते. शूटिंगच्या वेळी वय?" मी सांगितलं. "शाळा?" सांगितली. "आवाज त्यांचाच होता?"

"म्हणजे काय, तिचाच," भाची म्हणाली. "ऐकलंत ना आत्ता!"

पेन टेकलं. घरचाच, एवढा एक शब्द पुरला असता. भाचीच्या हातात तो फोन होता आणि पंधरा दिवसांत पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर काही आलं होतं. ते काढून घ्यायचं मी? आणि नाही काढलं, तर तिसऱ्या रांगेत बसून राहिले तशीच पुन्हा बसून राहणार.

"थांबा," मी म्हणाले. "आवाज माझा आहे."

मी सगळं सांगितलं. खळं, अर्ज, बाबांचा हात. भाची माझ्याकडे बघत नव्हती. बाईंनी लिहिणं थांबवलं नाही.

"तिचं नाव काढणार तुम्ही?" मी विचारलं.

"यादी मी बदलू शकत नाही, आणि बदलणारही नाही. मिळालेला पुरस्कार मिळालेलाच आहे. खाली टीप येईल." त्यांनी वर पाहिलं. "टिपेत तुमचं नाव घालू?"

हो म्हणायला मला क्षणही लागला नाही. बहीण जाऊन पंधरा दिवस झाले होते आणि मी माझं नाव सांगत होते, वडिलांच्या नावासकट.

भाची उठून खिडकीपाशी गेली. पाठ आमच्याकडे. "मग यात आईचं काहीच नाही."

"आहे," मी म्हणाले. "शेळीचा प्रसंग शोधा."

बाईंना तो सापडायला वेळ लागला. उपरणं, शेळी, आजोबांची धावपळ. मग हसू आलं, आणि हसता हसता श्वास आत ओढल्याचा तो बारीक आवाज, शिट्टीसारखा. भाची गर्रकन वळली. हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. तसं हसताना तिनं आईला जन्मभर पाहिलं होतं.

ती पुढे आली आणि तिनं पुन्हा फोन धरला. माझ्याशी ती त्यानंतर दोन दिवस बोलली नाही.

यादीत बहिणीचं नाव आहे. ट्रॉफी इडलीपात्राच्या मागे आहे. भाचीच्या फोनमध्ये दोन तुकडे आहेत. एकात मी बोलते आहे. तो तिनं पुसलेला नाही. दुसऱ्यात चार सेकंद माझी बहीण हसते आहे आणि मागे कावळा ओरडतो आहे.