चिंच मिटली की

बेलापूरच्या अलीकडे, रस्त्यापासून थोडं आत आमचं दोन खोल्यांचं घर आहे. वर पत्रा, पुढे सारवलेलं अंगण आणि अंगणात चिंच. आई तिथे एकटी राहते. मी नगरला एका दवाखान्यात नर्स आहे. तिथले दिवे विझत नाहीत आणि आमची कामंही संपत नाहीत.

आईचा एक नेम आहे. संध्याकाळी चिंचेची पानं मिटली की ती हातातलं काम ठेवते. निवडायचं धान्य सुपात तसंच, शिवायची गोधडी सुई टोचून तशीच. कुणी शेजारीण म्हणाली, "एवढं उरकून टाका की," तर म्हणते, "झाड झोपलं. आता मी कुनासाठी जागू?" मिटलेल्या चिंचेला हात लावायचा नाही, असा गल्लीतल्या पोरांना तिचा दम असायचा. पोरं तिला उलट सांगायची, चिंचेवर भूत आहे. "आसंल तर आसू दे," ती म्हणायची, "त्यालाबी झोपू दे."

मग ती उंबऱ्यावर बसते आणि काहीच करत नाही. दिवसभर लोकांच्या शेतात खुरपून आलेली बाई, पण बसली की अशी बसते, जणू गावची पाटीलकी तिच्याकडेच आहे. शेजारच्या बायका दिवे लागल्यावरही राबत असत. त्यांची ती कीव करायची, हेवा कधी नाही.

वडील गेल्यापासून मी तिच्या मागे लागले होते, माझ्याकडे चल म्हणून. एकदा आलीही. माझा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी दिसते. ट्यूब लागली की तिला वेळ समजेना. घासलेली भांडी ती पुन्हा घासायला घेई. "आई, बस की आता," मी म्हणायचे. "बसते की," म्हणायची आणि उभीच राहायची. आठ दिवसांचं सांगून आलेली बाई चौथ्याच दिवशी पिशवी घेऊन दारात उभी. मीही उचलली जीभ लावली टाळ्याला. "त्या पत्र्याखाली तुझं एवढं काय ठेवलंय?"

ती रागावली नाही. "तितं माजा दिवस मावळतो गं," म्हणाली.

तेव्हापासून दर फेरीला मी विचारायचं आणि तिनं नाही म्हणायचं, असं ठरूनच गेलं. खरं सांगायचं तर तिचं नाही ऐकून मला बरं वाटायचं. ड्यूटीवर पाय भरून आले, एकाच वेळी चार खाटांवरून हाका आल्या की मनात यायचं, आई आत्ता उंबऱ्यावर बसली असेल. तेवढ्यानंही मला जरा टेकल्यासारखं व्हायचं. आपणही कधीतरी तिथे जाऊन राहू, थोडक्यात भागवू, संध्याकाळी तिच्या शेजारी नुसतं बसू, हे मी किती वर्षं मनात घोळवते आहे. त्यासाठी जीव तुटतो माझा. पण परतीची एसटी मी नेहमी उन्हं असतानाच धरते, कारण सकाळी ड्यूटी असते.

यंदा फाल्गुनात गेले तेव्हा चिंचा उतरवून झाल्या होत्या. आई भिंत धरत बाहेर आली. जेवण तिनं बसूनच वाढलं. निघताना पिशवी आवरत मी सवयीनं विचारलं, "मग, येतेस का नगरला?"

"येते," ती म्हणाली. "गुडघं लई धरल्यात बघ. पानी आनाया जमत न्हाई. तुज्याकडंच ऱ्हाते आता."

इतकी वर्षं मी हेच तर मागत होते. मी लगेच म्हटलं, बरं केलंस, रविवारी गाडी घेऊन येते, तुझ्यासाठी आतली खोली रिकामी करते. तोंड बोलत होतं, हात तिच्या साड्यांच्या घड्या घालत होते आणि मनातून मी तिला विनवत होते, आई, नाही म्हण गं. आजही नाहीच म्हण.