आबांची कॅसेट आणि फुकटचं सॉफ्टवेअर

आबा जाऊन दुसरा उन्हाळा होता. जळगावच्या आमच्या घरात ताईच्या लग्नाची एकच व्हिडिओ कॅसेट होती, तीन तासांची, आणि वडील म्हणून हलते-चालते जे काही उरले होते ते त्या तीन तासांत. आई रोज दुपारी ती लावायची. आबा दिसेपर्यंत पळवायची, दिसले की थांबवायची, पुन्हा मागे न्यायची. या मागे-पुढेच्या खेळात चित्रावर पांढऱ्या रेघा उमटायला लागल्या. एकदा कॅसेट व्हीसीआरमध्ये अडकली. मी झाकण उघडून चिमट्याने पट्टी सोडवली, तोवर आई देवासमोर दिवा लावून मोकळी झाली होती.

मग ती म्हणाली, "तुझ्या कॉम्प्युटरला एवढं सगळं येतं ना वं? मग आबा आहेत तेवढं एका जागी आणून दे. बाकीचं लग्न मले काय करनं शे?"

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवायचे आणि दोन वर्षांच्या पगारातून घरी एक जोडून घेतला होता. त्याचा थाट काय विचारता! आईने त्याला नारळ फोडला, पडद्यावर कुंकवाचं बोट लावलं, आणि विणलेलं झाकण घातलं. घरातला एकुलता एक कूलर त्याच्याकडे तोंड करून बसला. आम्ही घामाने निथळत होतो आणि तो डबा गारेगार. तरी आम्हाला त्याचं केवढं कौतुक! गल्लीतल्या बाया बघायला यायच्या त्या चपला बाहेर काढून.

आईला मी ऐटीत सांगितलं, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ताई माहेरी येईल तोवर कॅसेट तयार. व्हिडिओ आत घ्यायचं कार्ड बसवलं आणि सॉफ्टवेअर शोधायला निघाले. पहिलं एका ओळखीच्याने मुंबईहून आणून दिलं. मोठमोठे लोक म्हणे तेच वापरतात. ते उघडायलाच इतका वेळ लागायचा की मी कुकर लावून यायचे, आणि उघडलं की एवढी बटणं, एवढ्या पट्ट्या, माय वं! एक तुकडा कापला की कॉम्प्युटर मान टाकायचा. दुसरं सोपं होतं, पण नमुन्यापुरतं. विकत घेतल्याशिवाय चित्रावरचं त्याचं नाव पुसलं जात नव्हतं, आणि ते नाव नेमकं आबांच्या कपाळावरून जात होतं. किंमत ऐकून मी ते काढूनच टाकलं.

शेवटी एसटीने धुळ्याला गेले. ताईच्या लग्नात वरपक्षाने आणलेले शूटिंगवाले भाऊ तिथे दुकान चालवत. त्यांनी माझी सगळी कहाणी ऐकली आणि हसले. "ताई, एडिटिंग म्हणजे मेथी निवडणं. चांगली पानं ठेवायची, काड्या टाकायच्या. त्याला सोन्याची सुरी कशाला? कार्डासोबत फुकट सीडी आली असेल बघा, तीच लावा."

फुकट ते पौष्टिक! घरी येऊन ती सीडी लावली आणि मी खरंच त्या सॉफ्टवेअरच्या प्रेमात पडले. तुकड्यांचे चौकोन पडद्यावर ओळीने मांडले जायचे. प्रत्येक चौकोनात तुकड्याचं पहिलं चित्र. नको तो चौकोन ओढून कचऱ्याच्या डब्यात टाकायचा, हवे ते शेजारी शेजारी लावायचे. बस्स. तशी सोपी गोष्ट मी पुढे पुन्हा पाहिली नाही. आजही डोळे मिटले की ते चौकोन दिसतात, कूलरचा तो ओल्या वाळ्याचा वास येतो.

मग मी निवडायला बसले. स्पीकर बंद ठेवले, कारण भाऊंनी सगळ्या लग्नावर सिनेमातली गाणी चढवली होती. अक्षतांवर गाणं, सप्तपदीवर गाणं, ताई रडतेय तरी गाणं. माझं तर डोकंच उठायचं. कन्यादानातले आबा ठेवले. व्याह्यांची गळाभेट घेणारे आबा ठेवले. मांडवाच्या खांबाला टेकून, टोपी हातात घेऊन, एकटेच उभे असलेले आबा ठेवले. त्या चौकोनापाशी मी स्वतःच रडून घेतलं. आहेर, बँड, नाचणारी पोरं, सगळं डब्यात. वरण-बट्टीची पंगत वीस मिनिटांची होती. नुसते जेवणारे लोक, तोंडं हलतायत, वाढप्यांच्या बादल्या फिरतायत. मी ती दोनदा पळवून पाहिली. आबा एकदाही दिसले नाहीत. तीही डब्यात.

चाळीस मिनिटांचे नुसते आबा झाले. सुरुवातीला आबांचं नाव टाकलं, भोवती फुलांची चौकट टाकली. आता हे उतरवायचं कशावर? आमच्या घरात जुनं धड असताना नवं आणायची रीत नव्हती. पातेल्याला कल्हई, चपलेला टाका, वहीच्या कोऱ्या पानांची दुसरी वही. कॅसेट चांगल्या कंपनीची होती, तीच पुन्हा भरली. आधी आबा, पुढे उरलेल्या जागेत आईच्या आवडीची भजनं. क्लासचं काम करायला जागा हवी म्हणून कॉम्प्युटरही रिकामा केला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात तो मीच.

आखाजीच्या दिवशी पुरणपोळी-आमरसाचं जेवण झालं. आम्ही तिघी टीव्हीसमोर बसलो. आईने एकदाही रिमोटला हात लावला नाही. ताई डोळे पुसत म्हणाली, "काय सुंदर केलंस गं!" मी फुलून गेले. भजन लागलं तरी आई बघतच होती. मग तिने विचारलं, "पंगत कोठे शे वं?"

"पंगतीत कुठे आहेत आबा? मी दोनदा बघितलं. एकदाही दिसत नाहीत."

"दिसत नाहीत," आई म्हणाली. "बोलतात."

मग ती सांगत गेली. यजमानाने पंगतीत फिरून एकेकाला आग्रह करायचा ही आमच्याकडची रीत. शूटिंगवाले भाऊ आबांच्या मागे मागेच फिरत होते, कॅमेरा पाहुण्यांच्या ताटावर, आबा कॅमेऱ्याच्या बाहेर. जेवणावर कुठलं गाणं वाया घालवायचं म्हणून भाऊंनी तेवढ्याच भागाचा मूळ आवाज तसाच ठेवला होता. अख्ख्या कॅसेटमध्ये आबांचा आवाज होता तो फक्त तिथे. आई रोज दुपारी शेवटी तिथे येऊन थांबायची, आणि तोवर मी क्लासला निघून जायचे.

दुसऱ्या दिवशी पहिली एसटी धरून मी धुळे गाठलं. भाऊंनी कपाटं उपसली. त्यांच्याकडच्या मूळ कॅसेटवर केव्हाच दुसऱ्या कुणाचं लग्न भरलं गेलं होतं. त्यांचा काय दोष? मीही तेच केलं होतं.

घरी आले तर आई ओट्याशी होती. एका शब्दाने रागावली नाही, आणि त्याचाच मला जास्त राग आला. मी म्हटलं, "आई, बोल ना गं मला काहीतरी! निदान सांग तरी, काय म्हणायचे आबा पंगतीत?"

तिने हात पुसले. जरा ताठ उभी राहिली, मान आबांसारखी तिरकी केली, आणि घसा खाकरून म्हणाली, "खाय भो, लाजू नको. घर तुनंच शे."

मला हसू फुटलं. हुबेहूब तीच मान, तोच थाट. "अजून एकदा," मी म्हटलं.

तिने पुन्हा मान तिरकी केली, पण घसा न खाकरताच सरळ केली. मग म्हणाली, "शब्द त्यासना शेतस वं. आवाज," तिने स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवलं, "मना शे."