गाण्याची अर्धी बाजू

हे सुपारीच्या झाडावरून पडले तेव्हा मी पाहुण्यांच्या खोलीतल्या चादरी धूत होते. आम्ही जालन्याकडचे ख्रिस्ती. दिवेआगरला मालकांची वाडी आणि पाहुण्यांच्या खोल्या दोघं मिळून सांभाळतो. आमच्या देवळातलं माणूस इथं एकही नाही. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, डोक्याला मार आहे, हाक मारत राहा, ओ दिली तर बरं. मी हाका मारत राहिले. ओ काही आली नाही.

सासूबाईंनी फोनवर सांगितलं, "रडत बसू नको बाई, प्रभूची स्तुती कर." मला रागच आला. माणूस लाकडासारखा पडलाय आणि स्तुती कसली? मागायचं तर मागता येतं, भांडायचं तर भांडताही येतं. पण वाखाणायचं ते कशाबद्दल? मी सहावीतून शाळा सोडलेली, शास्त्रातलं मला फार समजत नाही. पाळकसाहेब सांगायचे, आपल्या गाण्याची गरज देवाला नाही, आपल्यालाच आहे. तेव्हा मी सगळ्यांबरोबर मान हलवायचे. आता वाटलं, मला त्यातलं कळलं तरी काय होतं?

तरी दुपारी, दुसरं काही सुचेना म्हणून, ह्यांच्या आवडीचं भजन धरलं. आणि अडकले. आमच्या गावच्या देवळात पुरुष एका अंगाला बसतात, बायका दुसऱ्या. पुरुषांनी विचारायचं, बायकांनी जबाब द्यायचा. मी लहानपणापासून बायकांच्या सतरंजीवर. "तोच आमचा राखणदार, तोच आमचा राखणदार," एवढं पक्कं येत होतं. त्याच्या आधी पुरुष काय विचारतात, ते इतकी वर्षं कानावर पडूनही तोंडात येईना. इथं आल्यावर ती बाजू हे म्हणायचे, वाडीला पाणी सोडताना, आणि मी ओट्यावरून जबाब द्यायचे. आता एक ओळ म्हणायची की पुढं नुसती रिकामी जागा. तिथं मी थांबायचे.

शेजारच्या खाटेवर एक म्हातारे चाचा आजारी भावापाशी बसलेले असायचे, श्रीवर्धनकडचे. ते म्हणाले, "बाय, मधीच थांबतेस ती कोणाची वाट बघतेस?"

मी सांगितलं, ती जागा पुरुषांची, मला माझीच बाजू येते.

"मग तू तुझी म्हण. त्यांची जागा मी धरून ठेवतो, एसटीत धरतात तशी."

त्यांनी जेवणाच्या डब्यावर बोटांनी ठेका धरला. कधीकाळी लग्नांत डफ वाजवलेला हात असावा. गाणं त्यांचं नव्हतं, शब्द ठाऊक नव्हते, पण रिकाम्या जागेत ठेका चालू राहायचा आणि माझी ओळ आली की बोटं हलकी व्हायची. नर्सबाई डोकावल्या, सलाईन बघून गेल्या. राग गेला होता असं नाही, रडूही येतच होतं. फक्त म्हणता म्हणता मनात आलं, कोणी विचारताना ऐकू येत नाही, मग मी जबाब कोणाला देतेय?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन आले तर चाचांच्या भावाची खाट रिकामी. घरी नेलं की पुढं मुंबईला, कोणी नीट सांगेना. चाचांचं नाव विचारायचंही राहून गेलं. त्याच दिवशी ह्यांनी डोळे उघडले, पाणी मागितलं. मग माझ्याकडं बघून विचारलं, "काल माझी बाजू कोण म्हणत व्हतं?"

मी म्हटलं, कोणी नाही, एक चाचा डबा वाजवत होते.

"न्हाई," हे म्हणाले, "शब्द व्हते. सगळं भजन व्हतं."

ह्याचं काय करायचं, मला अजून कळत नाही. त्यांच्याच मनानं ती जागा भरून काढली असेल. नसेलही. प्रभूचे उपकार मानते, ह्याहून जास्त मला बोलता येत नाही.

हे आता झाडावर चढत नाहीत. उजवा हात जड आहे, शब्द हुडकावे लागतात. रविवारी ओट्यावर बसून आम्ही ते भजन म्हणतो. ह्यांची ओळ कधी येते, कधी अडते. ती बाजू आता मलाही पाठ झालीय, पण अडली तरी मी म्हणत नाही. पूर्वी वाटायचं, स्तुती आपण सुरू करतो. आपल्याकडं तर नुसता जबाब आहे, विचारणं प्रभूच्या हाती. म्हणून ह्यांची ओळ अडली की मी गुडघ्यावर बोटांनी ठेका धरते, आणि थांबते.