पिकअपचं ऑइल मी चाखून पाहिलं त्याची गोष्ट

चहा ओता आधी सगळ्यांना, आणि हसायचं असेल तर बिनधास्त हसा. मला आता सवय झाली आहे. माणूस ज्या विषयात स्वतःला फार शहाणा समजतो ना, नेमकी तिथेच त्याची अशी फजिती होते की विचारू नका! माझी झाली. आणि झाली कशात? तेलात!

उंद्रीला माझा लाकडी घाणा आहे. करडई, भुईमूग, तीळ, जवस. तीस वर्षं झाली, सकाळी उठलो की हात तेलात. थेंब तळहातावर चोळला की सांगतो, दाणा यंदाचा आहे की गेल्या सालचा. बाटली उन्हात धरली की सांगतो, तेल नीट निवळलं की घाईनं भरलं. आणि जिभेला लावलं, मग तर विषयच संपला. पंचक्रोशीत तेलाबद्दल प्रल्हादभाऊचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. आता एवढं कौतुक झाल्यावर डोकं जागेवर राहतं का? माझं तर नाही राहिलं.

तर झालं असं. चिखली-मेहकरकडे तेलाचे डबे पोचवायला मी एक पिकअप घेतली. तिचं सगळं काम गौतम मिस्त्रीकडे. चिखलीत त्याचं छोटंसं गॅरेज आहे. माणूस कमी बोलणारा, काम चोख. त्याच्या घरी खायचं तेलही माझ्याच घाण्याचं जातं. गेल्या वर्षी गाडी ऑइल बदलायला नेली, तर तो म्हणाला, "भाऊ, यावेळी सिंथेटिक टाकू. मंग पंधरा हजार किलोमीटर पाहाचं काम नाई. तुमची गाडी लोडची, रस्ता धुळीचा, म्हणून आपण बारा हजारालेच बदलू. नाई तं वर्ष भरलं की."

वर्ष? अहो, माझं करडईचं तेल एवढं शुद्ध, तरी पुढच्या उन्हाळ्यात त्याचा वास बदलतो. आणि हे इंजिनात उकळत राहणारं तेल वर्षभर टिकणार? मला तिथेच शंका आली. पण टाकू दिलं.

दोन दिवसांनी सहज बॉनेट उघडलं आणि ऑइल मोजायची पट्टी ओढून पाहिली. काळंकुट्ट! दिव्यावर काजळ धरावं तसं! परवा डब्यातून ओतताना मी स्वतःच्या डोळ्यांनी मधासारखं पिवळंधमक तेल पाहिलेलं. आता तुम्हीच सांगा, तेलाच्या धंद्यातल्या माणसाच्या डोक्यात काय येईल? जुनं तेल! मी चहाला गेलो तेवढ्यात मिस्त्रीनं काही तरी बदललं!

तसाच गाडी घेऊन चिखलीला. नेमका बाजाराचा दिवस, गॅरेजमध्ये आठ-दहा माणसं बसलेली. मी पट्टी ओढली, बोटावर तेल घेतलं, चोळलं, वास घेतला. आणि सवयीनं... काय करता, तीस वर्षांची सवय... जिभेला लावलं!

हसा, हसा! सगळं गॅरेज माझ्याकडे पाहत होतं. तोंडात काय चव आली ते सांगत नाही, समोर तुमच्या बशीत बिस्किटं आहेत. पण आता थुंकलो तर इज्जत जाईल म्हणून मी ते गिळलं, आणि ठणकावून सांगितलं, "मिस्त्री, हे तेल जुनं हाय!"

गौतमनं हात पुसले. "भाऊ, डिझेल गाडी हाय. काळं होतेच."

"दोन दिवसांत? मले शिकवता? तीस वर्षं झाली तेल काढून राह्यलो मी!"

"ते तेल येगळं, भाऊ."

"तेल ते तेलच!" मी गरजलो. बसलेल्या लोकांनी माना डोलावल्या. घाणेवाला बोलतोय म्हटल्यावर दुसरं कोण बोलणार?

बिचाऱ्यानं वाद घातला नाही. सगळ्यांसमोर सीलबंद डबा फोडला आणि पुन्हा ऑइल बदलून दिलं. मी खुर्ची टाकून समोर बसलो होतो, डोळ्याची पापणी न लववता. आणि दोन दिवसांनी पट्टी ओढली तर? पुन्हा काळं!

इथे कुठलाही शहाणा माणूस थांबला असता. मी नाही थांबलो. मी म्हटलं, हा तर फारच पोचलेला आहे, सीलबंद डब्यातही करामत करतो!

मग मी जे तोंड सोडलं! घाण्यावर येईल त्याला तेच. तेल न्यायला आला, सांग. पेंड न्यायला आला, सांग. पत्ता विचारायला आला, त्यालाही सांग. "गौतम मिस्त्री ऑइलमध्ये खोट करतो, मी चाखून पाहिलं." आणि लोकांनी विश्वास ठेवला हो! तेच तर वाईट झालं. दुसरं कोणी बोललं असतं तर लोकांनी सोडून दिलं असतं. पण तेलाबद्दल, आणि तेही मी? "प्रल्हादभाऊ म्हणते म्हंजे असंनच काही तरी." उंद्रीच्या गाड्या त्याच्याकडे जायच्या बंद झाल्या. पाठोपाठ चिखलीच्याही कमी झाल्या. एकदा सकाळी तिकडून जाताना पाहिलं, तर गॅरेज रिकामं आणि गौतम एकटाच बसून पान्हे पुसतोय. पुसलेलेच पान्हे पुन्हा पुसतोय. खोटं कशाला सांगू, मला तेव्हा बरं वाटलं होतं.

आमच्या मंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, हे अजिबात पटलं नव्हतं. "आवो, दहा वर्षं झाली तो माणूस आपल्या गाड्या पाहून राह्यला. कधी नटबोल्टाची तरी खोट केली काय त्यानं?"

"तुले तेलातलं समजत नाई," मी म्हटलं.

मी मग बसस्टँडजवळच्या गॅरेजात गेलो. तिथेही दोन दिवसांत काळं. त्याला चोर म्हणून आलो. मेहकरला एकाकडे गेलो. पुन्हा काळं! त्यालाही सुनावून आलो. मी मंदाला म्हटलं, "सारेच्या सारे मिस्त्री एकमेकाले सामील हायेत!" शिवाय काढलेलं ऑइल मी काचेच्या बाटलीत भरून खिडकीत निवळायला ठेवलं होतं. आमचं तेल चार दिवसांत निवळतं, गाळ तळाशी बसतो. हे आठ दिवस झाले तरी वरून खाली एकसारखं काळं. म्हणजे भेसळ पक्की! एवढा मोठा शोध लावल्यावर मला दोन रात्री झोप नाही.

शेवटी ठरवलं, आता कोणावर विश्वास नाही. सीलबंद डबा स्वतः आणला. अंगणात पोतं अंथरून गाडीखाली स्वतः शिरलो. चेंबरचा नट खोलला, ऑइल काढलं, नट लावला, नवं ओतलं. बॉनेटला साखळी घालून कुलूप लावलं आणि किल्ली करदोट्याला बांधली. हो, करदोट्याला! मंदा ओट्यावरून पाहत होती. म्हणाली, "इंजिनले पहारेकरीबी ठेवा एखादा."

दुसऱ्या दिवशी डोणगावला डबे द्यायचे होते. गेलो. गाडीपासून हललो नाही, चहासुद्धा गाडीजवळच मागवला. डबे उतरवून झाले, इंजिन थंड झालं, तेव्हा कुलूप काढलं आणि पट्टी ओढली.

काळं!

भर बाजारात मी ती पट्टी हातात धरून उभा. आता चोर कोण? डबा मी फोडला, तेल मी ओतलं, किल्ली माझ्या कमरेला! मंदाला फोन केला. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंग आता सांगा गावाले, की तुम्हीच खोट करता म्हणून."

परतीच्या वाटेवर डोक्यात दुसरं काही नव्हतं. मेहकर मागे पडलं आणि मला हळूहळू उमगायला लागलं. म्हणजे गौतम खरं बोलत होता? म्हणजे तो रिकाम्या गॅरेजात पान्हे पुसत बसला, तो माझ्यामुळे? एवढ्यात मीटरमध्ये लाल दिवा लागला. तेलाच्या बुधलीचं चित्र असलेला. मी घाबरून तिथल्या तिथे गाडी बाजूला घेतली आणि बंद केली. खाली वाकून पाहतो तर चेंबरमधून ऑइलची धार! मागे रस्त्यावर लांबच लांब काळी रेघ.

चिखली पाचेक किलोमीटर. ऊन डोक्यावर. बोलवायचं कोणाला? फोनमधले नंबर काढले. मेहकरवाल्याला चोर म्हटलेलं. बसस्टँडवाल्याला चोर म्हटलेलं. गौतमला तर चोर म्हणून सगळ्या गावात दवंडी पिटलेली! माझ्या फोनमध्ये एकही मिस्त्री शिल्लक नव्हता.

मंदाला म्हटलं, "तू लाव ना गौतमले फोन."

"मी काऊन? बोलतानी मले विचारलं होतं काय? आता त्याच तोंडानं बोला!" आणि फोन कट.

लावला मग. "मिस्त्री, मी प्रल्हाद..."

"कुठं हाय गाडी?" एवढंच. काय झालं, कसं झालं, काही नाही. मी जागा सांगितली. तो म्हणाला, "चालू करून पाहू नोका. आलोच."

पंधरा-वीस मिनिटांत मोटरसायकलवर हजर. मागे ऑइलचा डबा बांधलेला. गाडीखाली शिरला आणि आतूनच आवाज आला, "भाऊ, वायसर कुठं हाय?"

"कोणतं वायसर?"

"नटाखालचं. तांब्याचं."

मला आमचा ओटा डोळ्यांसमोर आला. नट खोलताना ती चकती मी पायरीवर जपून ठेवली होती. इतकी जपून की ती तिथेच राहिली! नटही नुसता हातानं फिरवलेला. वाटेतले गचके खात खात तो सैल होत गेला होता. गौतम बाहेर आला तेव्हा त्याचे खांदे हलत होते. हसत होता हो, पण तोंड फिरवून. मला वाईट वाटू नये म्हणून.

त्यानं नवं वायसर बसवलं, नट आवळला, ऑइल भरलं. मग गाडी चालू करून बराच वेळ इंजिनाला कान लावून उभा राहिला. "वाचलं. लगेच बंद केलं ते लय चांगलं केलं तुम्ही." बघा, त्यातही माझी एक चांगली गोष्ट शोधून काढली!

"मिस्त्री, पण मंग ते काळं काऊन होते?"

"डिझेल जळते, काजळी होते. ती काजळी इंजिनले धरू नाई म्हणून ऑइल आपल्या अंगावर घेते. जुनं थोडं आत राह्यतेच, त्याच्यानं आणखी लवकर काळं होते. काळं झालं म्हंजे ते काम करून राह्यलं, भाऊ. ते काही निवळत नसते."

मी मान खाली घातली. बाटली अजून खिडकीत होती. "मिस्त्री, मी लय बोललो तुमाले."

"हाव, बोलले," तो म्हणाला, आणि पान्हे पिशवीत भरायला लागला.

रागावला असता तर बरं झालं असतं. हा माणूस नुसता 'हाव' म्हणाला, आणि मला तिथे रस्त्यावर रडू आलं. खरंच आलं. एका माणसाचं वर्षानुवर्षांचं नाव मी जिभेच्या टोकानं पुसायला निघालो होतो, आणि तो माझ्यासाठी उन्हातान्हात डबा बांधून आला होता.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी त्याच्या गॅरेजवर गेलो. आजूबाजूच्या दुकानांतल्या लोकांना बोलावून गोळा केलं आणि सगळं सांगितलं. चाखणं सांगितलं, खिडकीतली बाटली सांगितली, करदोट्याची किल्लीसुद्धा सांगितली. लोक हसून हसून लोळले. गौतम लाजून गाडीखाली जाऊन बसला.

हसू ओसरल्यावर एक म्हातारे शेतकरी, नामदेवकाका, पुढे आले. म्हणाले, "प्रल्हाद, तुले एक सांगतो. तू ह्याची बदनामी करून राह्यला होता, तवा आम्ही ह्याले इचारलं, बाबू, मंग त्याच्याच घाण्याचं तेल घरी काऊन नेतो? सोड ना! तं हा म्हणे, काका, त्याचं तेल चोख हाय. राग आला म्हणून चोख तेलाले खोटं कसं म्हणू?"

ऐकलंत? त्यानं त्या दिवसांत 'घाणेवाल्याच्या तेलात पण गडबड आहे' एवढं एक वाक्य बोललं असतं ना, तर अर्धी चिखली माझ्याकडे फिरकली नसती. तो नाही बोलला. त्याचे उपकार मी या जन्मात विसरणार नाही, आणि हे मी कुठेही, कोणासमोरही सांगतो.

त्याच्या गाड्या परत आल्या, देवाची कृपा. माझी पिकअपही त्याच्याकडेच असते. ऑइल बारा हजारांवर बदलतो, नाहीतर वर्ष भरलं की. मधे पट्टी ओढून तेल किती आहे तेवढं पाहतो. रंग पाहत नाही आणि चव तर मुळीच पाहत नाही!

फक्त एक फरक पडला. परवा चिखलीहून एक नवीन गिऱ्हाईक घाण्यावर आलं. मी थेंब तळहातावर घेतला, चोळला, म्हटलं, "पाहा, नंबर एक करडई!"

त्यानं पाहिलंच नाही. डबा पुढे केला आणि म्हणाला, "भरा ना भाऊ, तुमाले इचारतेच कोण? मी गौतम मिस्त्रीले इचारूनच आलो."