शिंप्याच्या घरची मासेमारी

शिंप्याच्या गळाच्या दोन काठ्या दाराआड उभ्या असायच्या आणि रोज सकाळी त्यांतली एक तरी त्याच्या बायकोच्या अंगावर यायची. बायको बसमध्ये कंडक्टर. पहिल्या पाळीला निघायच्या घाईत तिनं दार ओढलं, की काठी खांद्यावर हजर.

"अहो, ह्या आता माळ्यावर जाणार," ती शेवटी म्हणाली. "वर्षभरात एकदा तरी गेलात का तळ्यावर?"

गेला नव्हता. जोडीला जाणारा थोरला भाऊ बदली होऊन लांब गेला, आणि एकट्यानं पाण्याकडे टक लावून बसायचं म्हणजे शिंप्याला गिऱ्हाईक नसलेल्या दुकानात बसल्यासारखं वाटायचं. त्याला सोबत हवी होती.

"पोरींना शिकवतो की," तो म्हणाला.

पोरी दोन. थोरली आठ वर्षांची, धाकटी पाच.

"ह्या? ह्या जेवायला पाच मिनिटं एका जागी बसत नाहीत."

"बसतील."

"बरं. एक रविवार देते. 'परत येऊ' असं त्यांनी आपणहून म्हटलं, तर काठ्या राहतील. नाहीतर माळा. आणि खाऊची लाच चालणार नाही. मी बरोबर येणार आहे."

शिंपी कामाला लागला. कापडाला कात्री लावण्याआधी चारदा मोजणारा माणूस तो, लहान पोरींच्या हातात गळाचा काटा द्यायला काही धजावेना. त्यानं पोरींसाठी आणि बायकोसाठी बांबूच्या काठ्या केल्या, त्यांच्या दोऱ्यांना आणि स्वतःच्याही दोऱ्याला सरावापुरतं काट्याऐवजी कोटाचं एकेक बटण बांधलं, चारही भोकांतून दोन-दोनदा ओवून, आणि आठवडाभर संध्याकाळी गच्चीवर बादलीत नेम धरायचा सराव घेतला. थोरलीचे दहापैकी सहा नेम बादलीत पडायला लागले. धाकटीनं शेजाऱ्यांचा वाळत घातलेला पायजमा ओढून आणला.

रविवारी उजाडता उजाडता चौघं तळ्याच्या काठाला. आमिष म्हणून बायकोनं मळून दिलेली कणीक डब्यात. शिंप्यानं झुंजुमुंजू उजेडात चारही दोऱ्यांना गोळ्या लावल्या आणि कुजबुजला, "एकच नियम. बोलायचं नाही. मासे पळतात."

"बरं," धाकटी म्हणाली. जरा वेळानं, "शिंकलं तर चालेल?"

"हळू शिंक."

"शिंक हळू नसते, बाबा."

"पुढे सरका, मधे गर्दी नको," आईनं पोरींना सांगितलं. अर्ध्या तळ्याला ऐकू गेलं. थोड्या अंतरावर स्टुलावर बसलेले एक निवृत्त पोस्टमन वळून बघायला लागले.

"हळू बोल की," शिंपी म्हणाला.

"हळूच बोलतेय."

तेवढ्यात धाकटीच्या दोऱ्याचं पाण्यावर तरंगणारं बूच बुडालं. तिनं काठी उचलली. मासा नाही, कणीकही नाही.

"खाल्लं," ती म्हणाली. तिचे डोळे एवढे मोठे झाले.

"बूच बुडालं की झटका द्यायचा," शिंप्यानं समजावलं आणि दुसरी गोळी लावली. मग थोरलीचं बुडालं. मग आईचं. मग खुद्द शिंप्याचं, आणि त्यानं तर असा झटका दिला की टोपी पाण्यात. मासा नाहीच. तासाभरात चौघांनी मिळून तीस गोळ्या खपवल्या. तिकडे पोस्टमनांच्या बादलीत सात मासे.

"मनगट," शिंपी सांगत होता. "सगळा खेळ मनगटाचा आहे."

"ते दिसतंयच," बायको म्हणाली.

थोरलीनं आपला दोरा त्याच्यापुढे धरला. "बाबा, बटण सैल झालंय. घट्ट कर ना."

शिंप्यानं दोरा हातात घेतला, गाठ आवळली, दातांनी टोक तोडलं, आणि मग तो थांबला. तासभर त्याची बोटं त्या बटणांवर कणीक थापत होती आणि त्यांना काहीएक वावगं वाटलं नव्हतं. वाटणार कसं? सोमवार ते शनिवार त्यांच्या हाताला दुसरं लागतं काय?

त्यानं स्वतःचा दोरा बघितला. बटण. बायकोचा बघितला. बटण.

बायको काठावरच्या दगडाला टेकून जी हसायला लागली, ती थांबेचना. पोस्टमन स्टूल सोडून चौकशीला आले, आणि कळल्यावर तेही खाली बसले.

शिंप्यानं मान खाली घालून काट्यांची डबी उघडली. थोरलीनं एक काटा उचलून उजेडात धरला.

"हे कुठे लागतं?"

"तोंडात," पोस्टमन म्हणाले.

"त्याच्या?"

"मग काय, माझ्या?"

दोघी बहिणींनी एकमेकींकडे बघितलं. थोरलीनं काटा डबीत ठेवला आणि झाकण लावून टाकलं. "आम्हाला बटणच पाहिजे."

"अगं, बटणानं मासा येत नाही."

"येतो की. खातो आणि जातो."

शिंपी पोस्टमनांसमोर लाजेनं अर्धा झाला. पण पोस्टमनांचं लक्ष पाण्याकडे होतं. "कधीपासून माझ्याकडे एक लागत नाहीये," ते म्हणाले. "सगळे तुमच्या पंगतीला आलेत." आणि ते आपलं स्टूल उचलून इकडेच घेऊन आले.

"काका, इथे काटा नाही चालत," धाकटी म्हणाली.

पोस्टमन स्टूल घेऊन परत गेले.

निघताना बायको काही विचारणार, इतक्यात थोरलीच म्हणाली, "पुढच्या रविवारी जरा लवकर येऊ. ते उपाशी असतील."

शिंप्यानं बायकोकडे बघितलं. ती बोटानं 'एक मिनिट' करत होती, कारण थोरलीचं संपलं नव्हतं.

"आणि बाबा, तूपण बटणच लावायचं."

"मी एका काठीला काटा..."

"नाही."

भावाबरोबर घालवलेल्या रविवारी घरी नेलेले मासे त्याला एकेक करून आठवले. मग समोर बघितलं तर धाकटी रिकामा डबा पाण्यात उलटा करून झटकत होती, शेवटचा कण कुणाला तरी मिळावा म्हणून.

"बरं," शिंपी म्हणाला.

"दर आठवड्याला एवढी कणीक मळणार कोण?" बायकोनं विचारलं. तिघांनीही तिच्याकडे बघितलं.

"माझ्याकडे बघू नका. मी तिकिटं फाडते."

शनिवारी दुकान बंद करून शिंप्यानं बाह्या वर केल्या. पीठ किती, पाणी किती, त्याला पत्ता नव्हता. त्यानं गळ्यातली टेप काढली, परातीला लावून बघितली, आणि आतल्या खोलीत हाक मारली, "अगं, हे मोजायचं कसं?"